काळ्या राजाची खोड

धनसिंगकाकांना एकदा वसमतच्या बस स्टँडवर कुत्रं चावलं. दुसरा कुणी असता तर त्यानं आधी दवाखाना गाठला असता. काका धोतराला रक्त लागलेलं तसंच ठेवून कुत्र्याचा मालक शोधत निघाले. भांडायला नव्हे, चौकशीला. कुत्रं पिल्लू असताना कुणाकडं होतं, त्याच्या अंगावर कुणी कढत पाणी टाकलं होतं का, पोरांनी शेपटीला डबा बांधला होता का, ही सगळी माहिती गोळा करून ते माझ्याकडं आले आणि समाधानानं म्हणाले, "सर, त्याचा काही कसूर न्हाई. लहानपणी लई तकलीफ काढली त्यानं. चला, आता सुई टोचून येऊ."

मला ते 'सर' म्हणत, पण मी काही मास्तर नव्हतो. परभणीतून फुटून हिंगोली हा आमचा वेगळा जिल्हा नुकताच झाला होता. नव्या जिल्ह्यात नव्या नोकऱ्या निघतील, नोकऱ्यांना कॉम्प्युटर लागेल, असं मनाशी धरून मी स्टँडसमोर कॉम्प्युटर क्लास काढला होता. नोकऱ्या निघायच्या तेव्हा निघोत, सकाळी टायपिंग शिकणारी पोरं येत आणि दुपारी मशीन रिकामी राहत. म्हणून दुपारी मी गेम खेळायला देऊ लागलो. क्लासची पाटी सकाळच्या नावानं होती, पण क्लास तगला तो दुपारमुळं.

काका माझ्या क्लासमागच्या खोलीत भाड्यानं राहत. डोक्याला लाल पटका, पांढरं धोतर, भरघोस मिशा आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली. धंदा बैलांच्या दलालीचा. त्यांचा बंजारा तांडा सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला. त्यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवला. नातवांच्या वाट्याला काठावरची थोडी शेती आली, आणि काकांच्या वाट्याला बैलांचा नाद. बायको लवकर गेली. एकुलता मुलगा उत्तम भांडून घराबाहेर पडला होता आणि वारंगा फाट्यावर एका टायरच्या दुकानात कामाला होता. हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

भांडण कशावरून झालं ते मात्र काका सांगत नसत. लोक सांगत की पोरानं बापावर काठी उचलली आणि तांड्यानं त्याला बाहेर काढलं. काकांना विचारलं की ते खाली गेलेल्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "हे? हे बैलानं केलं," आणि मग त्या बैलाची लांबलचक गोष्ट सुरू होई. दर वेळी बैल वेगळा असे. एकदा तो खिलार होता, एकदा लाल कंधारी, एकदा तर म्हैस होती.

पण वारंग्याकडून येणारी एसटी स्टँडात शिरली की गोष्ट तिथंच थांबायची. काका उतरणारी माणसं शेवटच्या बाईपर्यंत पाहून घेत. मग "तर सर, त्या बैलानं काय केलं..." असं म्हणून पुन्हा सुरू होत. तांड्यात चांगलं घर असताना त्यांनी स्टँडसमोरची ही उकाड्याची खोली का धरली, हे त्यामुळं कुणाला विचारायची गरज नव्हती.

"वारंगा काय लांब आहे? जाऊन का येत नाही?" असं मी एकदा म्हणालो.

"बुजलेल्या बैलाच्या मागं धावत न्हाईत, सर. तो आणखी पळते."

हे शहाणपण होतं की नुसती भीती, हे मला तेव्हा कळलं नाही. दोन्हीचं तोंड बाहेरून सारखंच दिसतं.

बैलबाजारात सौदा ठरण्याआधी जनावराची खोड सांगावी लागते. मारका आहे, लाथ मारतो, औताला बसतो, मोटारीला बुजतो. सगळे दलाल एवढं सांगून थांबत. काका थांबत नसत. ते विचारत, "खोड जल्माची का हाताची?" म्हणजे ती त्यानं पोटातून आणली, की कुणाच्या हाताखाली राहून त्याला लागली? 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण त्यांना बिलकूल मंजूर नव्हती. "हे कोण्या तरी आळशी माणसानं बसल्या बसल्या केलंय," म्हणायचे. त्यांच्या मते जल्माची खोड फार थोड्यांना असते. बाकीची सगळी हाताची, आणि हाताची खोड हातानंच जाते.

हा प्रश्न बैलापुरता राहिला असता तर ठीक होतं. पण माझी स्कूटर सुरू झाली नाही की, "जल्माची का हाताची?" नळ गळू लागला की तोच सवाल. माझ्या मेहुणीसाठी आम्ही एक स्थळ पाहायला गेलो, तेव्हा वडीलधारं कुणी असावं म्हणून काकांना बरोबर नेलं. त्यांनी मुलाला अंगणातून दोनदा चालायला लावलं आणि त्याच्या आईला विचारलं, "लहानपणी ह्याला मारत कोण व्हतं?" आई रडायला लागली, बाप उठून आत गेला. लग्न झालं, संसारही बरा चालला आहे. पण नवरा घोरतो म्हणून मेहुणी आजही तक्रार करते तेव्हा आमच्या घरात सगळे एका आवाजात विचारतात, जल्माची का हाताची?

दर हंगामात काका बाजारात कुणी हात लावत नाही असा एखादा मारका बैल स्वतः विकत घेत आणि क्लासमागच्या मोकळ्या जागेत बांधत. त्याला सुधारायची त्यांची एक तऱ्हा होती. समोरून जायचं नाही. डोळ्यात बघायचं नाही. जरा लांब, अंग तिरकं करून उभं राहायचं, नजर भलतीकडं ठेवायची आणि त्यांच्या गोरमाटी बोलीत हळू आवाजात बोलत राहायचं. बैलाविषयी नव्हे, पाऊसपाण्याविषयी, हळदीच्या भावाविषयी. हातात गुळाचा खडा. असं कितीतरी वेळ. कॉम्प्युटरवर बोटं बडवणाऱ्या पोरांना खिडकीतून ही कसरत दिसे आणि त्यांचं टायपिंग चुके.

ही तऱ्हा नेहमी लागू पडे असं नाही. एका पांढऱ्या बैलानं गूळ खाल्ला, पाऊसपाण्याच्या गप्पा शांतपणे ऐकल्या आणि काकांना उचलून शेजारच्या अडत्याच्या हळदीच्या भुकटीत फेकलं. काका नवरदेवासारखे पिवळे होऊन बाहेर आले. मी म्हणालो, "आता तरी म्हणा, जल्माचा आहे." काकांनी मिशीतली हळद झटकली. "असं घाईनं म्हणू न्हाई, सर. अजून चौकशी करावं लागंल."

चौकशीशिवाय कुणाची खोड सांगितली आणि ती चुकीची निघाली, तर ते स्वतःलाही सोडत नसत. एकदा त्यांनी बाजारातल्या लिंबाखाली चार माणसांत एका शेतकऱ्याचा बैल लाथाड्या म्हणून सांगितला. पुढं कळलं की बैलाच्या पायात काटा होता. पुढच्या बाजारी काकांनी त्याच लिंबाखाली चार माणसं जमवली, त्या बैलाचं दावं हातात धरलं आणि मोठ्यानं म्हणाले, "मी खोटं बोललो. बैल चांगला हाय." चार माणसांत घातलेला डाग चार माणसांतच पुसावा लागतो, कानात सांगून तो जात नाही, असं त्यांचं म्हणणं. लोक हसले. काकांना हसण्याचं काही वाटत नसे.

अशा माणसाच्या नजरेला काळा राजा पडला.

माझ्या शेजारी गफारभाईंचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. हातात मोबाइल आले तशी लोकांची मनगटं रिकामी झाली आणि गफारभाईंच्या दुपारीही. ते माझ्याकडं येऊन एक गेम खेळत. तलवार घेतलेला एक हिरो जंगलं, गुहा, पूल ओलांडत शेवटी एका पडक्या दरबारात पोचतो. तिथं मोडक्या सिंहासनावर काळा राजा बसलेला असतो. अंगभर काळं चिलखत, डोक्यावर शिंगांचा टोप, डोळ्यांच्या जागी लाल ठिणग्या. त्याला मारलं की राज्य सुखी होतं. गफारभाईंच्या हातून राज्य काही केल्या सुखी होत नव्हतं.

काका चहाचा ग्लास घेऊन मागं उभे राहिले. टोप वगैरे त्यांनी मानलंच नाही. त्यांच्या दृष्टीनं ती डोक्यातून निघालेली खरी शिंगं होती.

"शिंगाला वळ्या हायत," ते म्हणाले. "वय झालेलं हाय. जवळून दाखवता येते का? दात पाहू."

"काका, ये विलन है," गफारभाई म्हणाले. "इसके दात नहीं देखते, इसको मारते."

"डावं शिंग टोकाला मोडलंय. बांधून मारलंय ह्याला कोणीतरी."

"अरे, विलन पैदाइशी विलन रहता! माँ के पेट से!"

"कोणी सांगलं तुमाला?"

इथं खरी अडचण होती. कोणी सांगितलंच नव्हतं. ती सीडी मी नांदेडहून कॉपी करून आणलेली. गेम सुरू होण्याआधी जी गोष्ट चित्रांतून सांगतात, ती कॉपीत आलीच नव्हती. आमच्या मशीनवर गेम थेट जंगलात सुरू व्हायचा. काळा राजा कोण, कुठला, सिंहासनावर कसा आला, ह्यातलं वसमतमध्ये कुणालाही काही माहीत नव्हतं. गफारभाई इतके दिवस त्याला मारत होते ते निव्वळ चेहऱ्यावरून.

"म्हणजे चौकशी झालीच न्हाई," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

त्या दिवसापासून माझ्या क्लासात दुपारी दोन तट पडले. अडते, हमाल, कंडक्टर, चहा प्यायला येणारा प्रत्येक जण बोलू लागला. एक तट म्हणे, चेहराच सांगतो, असला माणूस पाळण्यातही लाल डोळ्यांचाच असणार. दुसरा तट म्हणे, सिंहासनावर बसलाय म्हणजे कधीतरी लोकांनीच बसवला असेल, चांगला असल्याशिवाय कोण बसवतं? ह्यावर पहिला तट आमच्याकडच्या पुढाऱ्यांची नावं घेऊ लागे आणि मग मला मध्ये पडावं लागे.

काका दोन्ही तटांत नव्हते. ते नुसते बघत. काही दुपारी बघितल्यावर त्यांनी एक गोष्ट काढली.

"गफारभाई, तो पहिले उठत न्हाई."

"क्या?"

"तुमी तलवार घेऊन पायरीवर पाय ठेवला की उठते. तवर बसूनच राहते. मारका बैल लांबून धावून येते. हा येत न्हाई. हा भेलेला हाय."

मग त्यांनी गफारभाईंना आपली तऱ्हा शिकवली. तलवार म्यानात. पायरीच्या अलीकडं. हिरोचं तोंड भिंतीकडं, अंग तिरकं. गफारभाईंनी बटणं दाबली आणि हिरो तसा उभा राहिला. काळा राजा बसून राहिला. काका पडद्याकडं पाहून हळू आवाजात गोरमाटीत काहीतरी बोलायला लागले, बहुतेक पाऊसपाणीच असावं. बाहेर हिंगोलीची गाडी लागल्याची घोषणा झाली, तरी त्या गाडीनं जाणारा एक माणूस जागचा हलला नाही. गंमत म्हणजे राजाच्या डोळ्यांतल्या ठिणग्या थोड्या मंद झाल्यासारख्या मलाही वाटल्या.

गफारभाईंना ते सहन झालं नाही. शेवटी तलवार हातात असलेला माणूस किती वेळ भिंतीकडं बघणार? त्यांनी झटकन वळून वार केला, राजा उठला आणि हिरो आडवा झाला.

"देखा?" गफारभाई म्हणाले. "मारता ना?"

"मारणारच ना," काका म्हणाले. "तुमी काहून गेले काठी घेऊन?"

काही महिन्यांनी मला नांदेडला त्या गेमची पूर्ण सीडी मिळाली, सुरुवातीच्या गोष्टीसकट. बातमी फुटली आणि त्या दुपारी क्लासात पाय ठेवायला जागा उरली नाही. काका धुतलेला पटका बांधून आले होते. पुढच्या खुर्चीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. खोटं कशाला सांगू, मलाही उत्सुकता होती.

गोष्ट सुरू झाली. डोंगर, ढग, एक किल्ला. एका जड आवाजात इंग्रजी निवेदन. मी भाषांतर करून सांगू लागलो. "फार वर्षांपूर्वी एक राज्य होतं. तिथं एक बाळ जन्माला आलं. त्याच्या काळजात जन्मापासूनच अंधार होता. तो वाढला तसा अंधारही वाढला." मग थेट काळा राजा, जळणारी गावं, आणि जंगलात उभा असलेला आपला हिरो. संपलं.

गफारभाई खुर्चीवर उभेच राहिले. "बोला था ना! पैदाइशी! कंपनीने खुद बोला!" पहिल्या तटानं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी काकांच्या पाठीवर थाप मारली.

काका पडद्याकडंच बघत होते. "सर, हे म्हणून कोण राहिलं?"

"गेम बनवणारे."

"राजाबी त्यायनंच बनवला?"

"हो. सगळं त्यांनीच बनवलं."

"शिंगं, लाल डोळे, मोडकी खुर्ची. सारं?"

"सगळं."

काका हसले. "बराबर हाय. आपल्या हातानं बनवायचा, अन् जल्मावर नाव घालून मोकळं व्हायचं." ते आणखी काहीतरी बोलणार होते. पण हसू तोंडावरच राहिलं. सुरू केलेली गोष्ट त्यांनी अर्धी सोडली, असं एसटी आलेली नसताना पहिल्यांदाच झालं.

गर्दी पांगली. गफारभाई नमाजाला गेले. काका उठले नाहीत. मी सीडी काढून पाकिटात घालत होतो तेव्हा ते बोलायला लागले. माझ्याशी बोलत होते की बंद पडद्याशी, ते नक्की सांगता येत नाही.

"बाजारात असे दलाल लई पाह्यले म्या, सर. मारून मारून बैल खराब करतात, अन् इकायला आणला की म्हणतात, जल्माचाच मारका हाय. त्यायच्या तोंडावर थुकलो हाय मी." त्यांनी खाली गेलेल्या खांद्यावर हात ठेवला. "बैलाला जिंदगीत कधी काठी लावली न्हाई. सारी काठी घरात लावली."

मग त्यांनी खांद्याची गोष्ट सांगितली. ह्या वेळी तीत बैल नव्हता. उत्तम लहानपणी जनावराला भ्यायचा. तांड्यातल्या नाव घेण्यासारख्या दलालाचं पोरगं बैलाच्या सावलीला भिते, ह्याची काकांना लाज वाटायची. ती लाज काठीनं पोराच्या पाठीवर निघत गेली. पोरगं आईवेगळं, मध्ये पडायला कोणी नाही. वाढत गेलं तसं ते घुमं झालं, मग चिडकं. एक दिवस काकांनी उचललेली काठी त्यानं धरली आणि उलटी हाणली. खांदा गेला तो तेव्हा. तांड्याची बैठक बसली. उत्तम खाली मान घालून मध्ये उभा. तांड्याच्या नायकानं काकांना विचारलं, धनसिंग, तुझं पोरगं असं काहून वागलं? तूच सांग.

"अन् म्या काय सांगलं ठाऊक हाय? म्हणलं, पोरगं जल्माचंच मारकं हाय. साऱ्यायसमोर. त्यानं तवा वर पाह्यलं माझ्याकडं. मग गेलं."

  मला वाईट वाटलं, हे लपवून काय करू? ज्या गोष्टीनं पोरगं गेलं ती सोडून जगातल्या बाकी सगळ्याची चौकशी हा माणूस करत होता, आणि तीच त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघाली. एवढ्यात लाइट गेली आणि पंखा फिरत फिरत थांबला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काका दुपारी माझ्या दारात उभे राहिले. "सर, गाडी सुरू हाय का? वारंग्याला चालता? एक बैल पाहायचा हाय."

मी कुठला बैल ते विचारलं नाही. स्कूटर काढली.  फाट्यावर नेहमीसारखी ट्रकांची रांग, ढाबे, पानटपऱ्या, डिझेलचा वास. टायरच्या दुकानासमोर एक तरणा माणूस पहारीनं टायर रिममधून काढत होता. त्या मिशा ओळखायला मला वेळ लागला नाही.

काका उतरले, पण त्याच्याजवळ गेले नाहीत. दुकानापासून जरा लांब उभे राहिले. अंग तिरकं, नजर रस्त्यावरच्या ट्रकांकडं. हळू आवाजात गोरमाटीत बोलायला लागले. मला एक शब्द कळला नाही, पण तो आवाज मी क्लासच्या खिडकीतून कितीतरी वेळा ऐकला होता. उत्तमनं वर पाहिलं नाही. पहारीचा आवाज मात्र थांबला.

मग काका वळले आणि मराठीत मोठ्यानं म्हणाले, "ओ दुकानवाले दादा, ओ डायवरसाहेब, जरा इकडं या. पानवाले, तुमीबी. चार माणसं लागतात."

टायरवाला आला. ट्रकखालून एक ड्रायव्हर बाहेर आला. पानवाला हात पुसत आला. चौथा मी.

"मी धनसिंग. बैलायचा दलाल हाय," काका म्हणाले. "म्या एकाची खोड चार माणसांत सांगली व्हती. जल्माची हाय म्हणून. ते खोटं व्हतं. खोड हाताची हाय. अन् हात हा." त्यांनी उजवा हात वर केला. खांद्यामुळं तो पुरता वर गेलाच नाही, अर्ध्यात थांबला. "तांड्यातबी सांगणार हाय. पण पहिले इथं, त्याच्या तोंडापुढं."

 ड्रायव्हरनं इकडंतिकडं बघितलं. "लेकिन बैल किधर है?" त्यानं मला विचारलं.

उत्तम पहार खाली ठेवून दुकानात गेला. काका हात खाली घेऊन पुन्हा रस्त्याकडं बघू लागले. मला वाटलं, संपलं, आता माणसं पांगतील आणि आम्ही परत जाऊ. माणसं पांगलीही. मग आतून स्टोव्हला हवा भरल्याचा आवाज यायला लागला.

बऱ्याच वेळानं उत्तम बाहेर आला. चहाचा एक ग्लास त्यानं माझ्या हातात दिला. दुसरा घेऊन तो बापाकडं निघाला, पण सरळ नाही. थोडा वळसा घालून, अंग तिरकं करून, नजर ट्रकांकडं ठेवून, हळूहळू. काकांपासून हातभर अंतरावर तो थांबला आणि न बघताच त्यानं ग्लास पुढं केला. काकांनी तो घेतला, तेही न बघता. बापलेक शेजारी शेजारी उभे राहून समोरची वाहतूक बघत राहिले.

काकांनी एक घोट घेतला. "लई गोड झाली चाय," ते म्हणाले.

उत्तम ट्रकांकडं बघतच होता. "हाताची खोड हाय," तो म्हणाला.

काकांनी ग्लास संपवला आणि आणखी एकासाठी तसाच पुढं केला.